डेमो इलेक्ट्रिक गाडी : सवलत किती आणि कशाच्या बदल्यात?

प्रश्न : स. न. वि. वि. मी नाशिक रोडला राहतो आणि अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी करतो. रोजचे जाणे-येणे पस्तीस-चाळीस किलोमीटर होते, शिवाय महिन्यातून एक-दोनदा आईवडिलांकडे संगमनेरला जावे लागते. घराला स्वतःचे पार्किंग आहे. इलेक्ट्रिक गाडी घ्यायचे ठरवून मी शोरूममध्ये गेलो, तेव्हा तिथल्या विक्री प्रतिनिधीने मला डेमो गाडी, म्हणजे ग्राहकांना चालवून पाहण्यासाठी शोरूमने ठेवलेली गाडी, दाखवली. गाडी चार मीटरच्या आतली एसयूव्ही असून बॅटरी ४० किलोवॅट-तासांची आहे. गाडीची नोंदणी होऊन चौदा महिने झाले आहेत आणि ती ९,८०० किलोमीटर चालली आहे. अशाच नव्या गाडीची एक्स-शोरूम किंमत १५ लाख असून विम्यासह सगळे धरून ती १५ लाख ८० हजारांना पडते. डेमो गाडी ते १३ लाख ३० हजारांना देतो म्हणतात. त्यापैकी १० लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी काढावे लागेल. बॅटरीला आयुष्यभराची वॉरंटी आहे, त्यामुळे काळजीचे काहीच कारण नाही, असे प्रतिनिधी सांगतो. माझा मुलगा म्हणतो, अडीच लाख वाचतात तर डोळे झाकून घ्या. मेहुणे म्हणतात, डेमो गाडी म्हणजे शंभर हातांनी पिळलेली गाडी, तिच्या वाटेला जाऊ नका. मला गाडी निदान दहा वर्षे वापरायची आहे. काय करावे?

— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : सांगितलेल्या किमतीला ही गाडी घेऊ नये. तीच गाडी बारा लाखांच्या आसपास येत असेल आणि बॅटरीच्या प्रकृतीचा अहवाल सर्व्हिस सेंटरच्या लेटरहेडवर मिळत असेल, तर मात्र जरूर घ्यावी, कारण आपल्या वापराला ती उत्तम बसते. आपले मेहुणे आणि आपले चिरंजीव या दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण दोघांचेही लक्ष मुख्य मुद्द्याकडे गेलेले दिसत नाही. तो मुद्दा असा की आपण ही गाडी घेतली, तर कागदोपत्री आपण तिचे दुसरे मालक असाल.

मेहुण्यांच्या शंकेपासून सुरुवात करू. पेट्रोल किंवा डिझेलच्या डेमो गाडीबद्दल ही शंका रास्तच असते. थंड इंजिनावर एकदम दाबलेला अॅक्सिलरेटर, शिकाऊ पायांनी जाळलेला क्लच आणि पहिल्या हजार किलोमीटरांत न पाळलेली पथ्ये यांचा त्या इंजिनाच्या आयुष्यावर परिणाम होतो. इलेक्ट्रिक गाडीत क्लच नसतो, गिअर बदलायचे नसतात आणि मोटरला इंजिनासारखे ‘रन-इन’ करावे, म्हणजे सुरुवातीला जपून चालवून रुळवावे, लागत नाही. त्यामुळे चाचणीला आलेल्या उत्साही माणसाने ‘स्पोर्ट’ मोड लावून पाच-पंचवीस वेळा गाडी उसळवली, तरी मोटरचे फारसे बिघडत नाही. झीज झालीच तर टायरांची होते आणि ती डोळ्यांना दिसते. इलेक्ट्रिक डेमो गाडीचे जे काही नुकसान व्हायचे ते बहुधा ती उभी असताना होते. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत: उष्णता आणि दीर्घकाळ भरलेले पोट. शोरूमची गाडी केव्हाही ग्राहक येईल म्हणून कायम शंभर टक्क्यांच्या जवळ भरून ठेवलेली असते, तिला वेळ नसल्यामुळे वारंवार जलद डीसी चार्जर लावला जातो आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती दिवसभर पत्र्याच्या शेडबाहेर तापत असते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या, म्हणजे एलएफपी बॅटऱ्या हे सारे बऱ्यापैकी सोसतात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटऱ्यांना ते अधिक जाचते. आपण पाहिलेल्या गाडीची बॅटरी कोणत्या प्रकारची आहे, हे प्रतिनिधीला पहिल्याच भेटीत विचारावे आणि उत्तर माहितीपुस्तिकेवरून पडताळून घ्यावे.

बॅटरीची प्रकृती मोजण्याचा सरळ मार्ग म्हणजे उत्पादकाच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये निदानयंत्र जोडून तिची उरलेली क्षमता, पेशींच्या व्होल्टेजमधील तफावत आणि नोंदलेले दोष यांचा अहवाल काढून घेणे हा होय. त्या अहवालावर तारीख, चॅसी क्रमांक आणि किलोमीटर हे तिन्ही असले पाहिजेत. मोबाईलवर काढलेला पडद्याचा फोटो चालणार नाही. चौदा महिन्यांत दोन-चार टक्के घट झालेली दिसली तर तिचे नवल वाटू नये, कारण सुरुवातीची घट थोडी वेगाने होते आणि पुढे मंदावते. उरलेल्या क्षमतेचा आकडा नव्वद टक्क्यांच्या खाली दिसला, तर मात्र किमतीची बोलणी तिथेच थांबवावीत.

अहवाल मिळाला तरी एक पडताळा आपण स्वतः घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. शोरूमभोवतीची दोन किलोमीटरची चक्कर म्हणजे चाचणी नव्हे. थोडी अनामत ठेवून एका दिवसासाठी गाडी मागावी. खरोखर गाडी विकायची असलेला विक्रेता एवढे सहसा नाकारत नाही. आदल्या रात्री साध्या एसी चार्जरवर ती शंभर टक्के भरून ठेवायला सांगावी आणि शंभर आकडा दिसला तरी चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत काढू देऊ नये, कारण एलएफपी बॅटरी पुष्कळ दिवसांत पूर्ण भरली नसेल तर पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा भरकटलेला असतो आणि पूर्ण चार्जिंगनंतरच तो ताळ्यावर येतो. मग गाडीतले वातानुकूलन चालू ठेवून, आपल्या नेहमीच्या वेगाने, नाशिक रोडहून संगमनेरला जाऊन यावे. हे अंतर साधारण एकशे तीस किलोमीटर होते आणि एवढ्यात ४० किलोवॅट-तासांची बॅटरी सुमारे निम्मी उतरायला हवी. परत आल्यावर गाडी पुन्हा एसी चार्जरला लावावी आणि शंभर टक्के होईपर्यंत किती युनिटे (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास) गेली ते चार्जरच्या मीटरवर पाहावे. पडद्यावर नेमके ५० टक्के असताना चार्जर लावला, तर बॅटरीत वीस युनिटे जायला हवीत. चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते, म्हणून मीटरवर बावीस-तेवीसच्या आसपास आकडा दिसेल. त्याऐवजी अठरा-एकोणीस युनिटांतच बॅटरी भरली असे दिसले, तर एक तर ती आकसली आहे किंवा तिचा टक्क्यांचा हिशोब चुकतो आहे, आणि दोन्ही बाबतींत खुलासा देण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे. ही घरगुती मोजणी प्रयोगशाळेइतकी काटेकोर नसते, हे मान्य. पण अहवालातला आकडा आणि मीटरवरचा आकडा परस्परांशी जुळतात की नाही एवढे तिच्यातून नक्की कळते. त्याच फेरीत वाटेतल्या एखाद्या सार्वजनिक डीसी चार्जरवर दहा-पंधरा मिनिटे गाडी लावून पाहावी, म्हणजे जलद चार्जिंग विनातक्रार सुरू होते का, हेही समजेल.

बाकीची तपासणी थोडक्यात उरकता येते. गाडी लिफ्टवर चढवायला लावून खालून पाहावी: बॅटरीचे कवच गाडीच्या पोटाशी असते आणि गतिरोधकावर घासल्याच्या, चेपल्याच्या खुणा तिथेच सापडतात. पुढच्या टायरांची झीज, सतत उभ्या गाडीत अकाली मान टाकणारी बारा व्होल्टची छोटी बॅटरी आणि चार्जिंग पोर्टचे झाकण या तीन गोष्टी पाहाव्यात. ब्रेकच्या चकत्यांवरचा थोडा गंज मनावर घेऊ नये; मोटरच गाडीचा वेग कमी करत असल्यामुळे ब्रेक कमी वापरले जातात.

आता वॉरंटीकडे वळतो, कारण प्रतिनिधीने आपल्याला सांगितलेले वाक्य इथे तपासले पाहिजे. भारतात इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला सर्वसाधारणपणे आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतले जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी मिळत आली आहे. ‘आयुष्यभराची’ वॉरंटी ही अलीकडची गोष्ट आहे. एमजीने विंडसर गाडीवर ती जाहीर केली, महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांवर दिली, आणि टाटा मोटर्सने २०२५ साली आधी हॅरियर ईव्हीवर व पाठोपाठ कर्व्ह ईव्ही आणि ४५ किलोवॅट-तासांच्या नेक्सॉन ईव्हीवर दिली. टाटांच्या बाबतीत ‘आयुष्यभर’ याचा अर्थ पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षे असा आहे. या सर्व योजनांत एक अट समान आहे: हा लाभ गाडीच्या पहिल्या खासगी मालकापुरता आहे. मालकी बदलली की वॉरंटी वर्षे आणि किलोमीटर यांच्या नेहमीच्या मर्यादेवर येते, आणि ती वर्षे मोजली जातात पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून, आपल्या खरेदीच्या तारखेपासून नव्हे.

आपण पाहिलेली डेमो गाडी शोरूम चालवणाऱ्या कंपनीच्या नावावर नोंदलेली आहे. म्हणजे पहिला मालक ती कंपनी आणि दुसरे मालक आपण. प्रतिनिधीने खोटे सांगितले असे मी म्हणत नाही. नव्या गाडीविषयीचे पाठ केलेले वाक्य त्याने सवयीने या गाडीविषयीही म्हटले असावे. पण आपल्याला गाडी दहा वर्षे ठेवायची आहे, आणि आठ वर्षांच्या वॉरंटीतली चौदा महिने संपलेली असल्यामुळे आपल्या हाती सहा वर्षे दहा महिने उरतात. त्यापुढची तीनेक वर्षे बॅटरीची जबाबदारी आपली. नवी गाडी घेतली आणि त्या मॉडेलला आयुष्यभराची वॉरंटी असली, तर हीच वर्षे निर्धास्तपणे जातील. बॅटरी हा या गाडीचा सर्वांत महाग भाग असल्यामुळे या फरकाला रोकड किंमत आहे, ती सवलतीतून वसूल झाली पाहिजे. उत्पादकाने डेमो गाडीच्या खरेदीदाराला पहिला मालक मानण्याची सूट दिली असेल, तर ती उत्पादकाच्या ई-मेलवर, चॅसी क्रमांकासह, लिहून मागावी. शोरूमच्या व्यवस्थापकाच्या तोंडी हमीला इथे किंमत नाही.

यापुढे अडीच लाखांचा हिशोब. आपल्या चिरंजिवांनी १५.८० मधून १३.३० वजा केले, पण त्यात कर्जाचे व्याज धरलेले नाही. डेमो गाडीला बँका जुन्या गाडीचे कर्ज देतात आणि त्याचा दर नव्या गाडीच्या कर्जापेक्षा बहुतेक दोन-तीन टक्क्यांनी चढा असतो. नव्या इलेक्ट्रिक गाडीला काही बँका व्याजात थोडी खास सवलतही देतात. उदाहरणादाखल १० लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता २०,७५८ रुपये येतो, आणि १२ टक्क्यांनी घेतले तर २२,२४४ रुपये. महिन्याला दीड हजाराचा हा फरक साठ हप्त्यांत सुमारे ८९ हजारांवर जातो. अडीच लाखांपैकी उरले एक लाख ६१ हजार. घरी लावायचा ७.२ किलोवॅटचा चार्जर डेमो गाडीबरोबर मिळतो का, हेही विचारावे. तो वेगळा घ्यावा लागला तर सुमारे पन्नास हजार आणखी गेले आणि हाती राहिले एक लाख दहा हजार. (आपला रोजचा वापर पाहता, खरे म्हणजे १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर चालणारे साधे चार्जिंग आपल्याला पुरेल. मोठा चार्जर हवाच असेल, तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घेण्याचा खर्चही धरावा.) पहिल्या तीन वर्षांच्या तृतीय पक्ष विम्यातले चौदा महिनेही संपलेले आहेत.

शिवाय, ज्या १५ लाख ८० हजारांशी आपण तुलना करत आहात, तेवढ्याला नवी गाडी आज खरोखर विकली जाते का? इलेक्ट्रिक गाड्यांच्या किमती गेल्या काही वर्षांत अचानक उतरल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत कमी केली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सणासुदीच्या निमित्ताने काही प्रकारांवर तीन लाखांपर्यंत कपात केली. त्या सप्टेंबरच्या आदल्या महिन्यात ज्यांनी ‘मोठ्या सवलतीत’ डेमो गाडी घेतली असेल, त्यांना नवी गाडी जवळपास तेवढ्यालाच मिळाली असती. म्हणून तुलना छापील दराशी न करता, दुसऱ्या एखाद्या विक्रेत्याकडून नव्या गाडीचे सर्व सवलतींसह लेखी दरपत्रक आणून त्याच्याशी करावी. त्याच वेळी आणखी एक चौकशी करावी, जी ग्राहक सहसा करत नाहीत: मागच्या वर्षी बनलेली, पण अजून नोंदणी न झालेली गाडी यार्डात पडून आहे का? अशी गाडी विक्रेत्याला नकोशी झालेली असते, तिच्यावर भरीव सूट मिळते आणि तरीही कागदोपत्री आपण पहिले मालक राहतो. वॉरंटी पूर्ण, कर्ज नव्या गाडीच्या दराने. डेमो गाडीपेक्षा ती लाख-सव्वा लाख महाग पडली, तरी मी तीच निवडीन. तिच्या बॅटरीचा अहवाल मात्र तिथेही घ्यावा, कारण उन्हात उभे राहण्याचा त्रास तिलाही झालेला असतो.

मग डेमो गाडीची रास्त किंमत कोणती? इथे विमा क्षेत्राचे कोष्टक उपयोगी पडते. गाडीचे विमामूल्य ठरवताना उत्पादकाच्या विक्री किमतीतून पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५ टक्के आणि एक ते दोन वर्षांच्या गाडीसाठी २० टक्के घट धरली जाते. आपली गाडी चौदा महिन्यांची आहे. एक्स-शोरूम १५ लाखांतून २० टक्के गेले की १२ लाख उरतात. म्हणजे उद्या ही गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी साधारण बारा लाखांच्या हिशोबाने भरपाई देईल. मग त्याच गाडीचे आपण १३ लाख ३० हजार का मोजावेत? बाजारभाव आणि विमामूल्य तंतोतंत सारखे नसतात, विक्रेताही हेच म्हणेल. पण घासाघीस सुरू करायला याहून भक्कम आकडा आपल्याला मिळणार नाही. मी आपल्या जागी असतो तर ११ लाख ७५ हजारांपासून बोलणी सुरू केली असती आणि बारा-सव्वा बारापर्यंत थांबलो असतो. त्या मॉडेलला पहिल्या मालकासाठी आयुष्यभराची वॉरंटी असेल, तर सव्वा बाराही जास्त आहेत. बोलणी महिनाअखेरीस किंवा मार्चमध्ये केली तर विक्रेता अधिक लवचिक असतो, आणि त्याच मॉडेलची नवी आवृत्ती येऊ घातली असेल तर आणखी.

अंतिम किंमत ‘सर्व करांसह आणि नावावर करून देण्याच्या खर्चासह’ अशी लिहून घ्यावी. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के असतो. जुन्या गाडीच्या बाबतीत व्यापाऱ्याला, डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या निर्णयानंतर, त्याच्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के कर लागू शकतो. कराची आकारणी कोणत्या पद्धतीने होते, हा त्याचा आणि त्याच्या सनदी लेखापालाचा प्रश्न आहे. तो खर्च नंतर आपल्या बिलात वेगळा उगवू नये, एवढे पाहावे. प्राप्तिकरात सूट मिळेल असे कोणी सांगितले, तर त्यावर विसंबू नये: इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरील व्याजाची, कलम ८०ईईबीखालील दीड लाखांपर्यंतची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणातली समृद्धी महामार्ग, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवरची पथकरमाफी मात्र गाडीला आहे, मालक कितवा याच्याशी तिचा संबंध नाही.

कागदपत्रांत सर्वांत आधी नोंदणी पुस्तिका पाहावी. ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अॅपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, मालकाचा अनुक्रम, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा दिसतो. डेमो गाड्या बहुधा कर्जावरच घेतलेल्या असतात, तेव्हा बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ हाती पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. शोरूमच्या किती माणसांनी ही गाडी चालवली असेल याचा नेम नाही, म्हणून ई-चलनांची थकबाकी आपल्या नावावर येण्याआधी भरून घ्यावी. पाटी हिरवी आणि अक्षरे पांढरी आहेत ना, हेही पाहावे. पिवळी अक्षरे म्हणजे गाडी प्रवासी वाहतुकीसाठी नोंदलेली. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या गाडीवर आपला ‘नो क्लेम बोनस’ (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) साठला असेल तर तो या गाडीच्या पॉलिसीवर आणता येतो, कारण तो मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. शेवटी गाडीच्या मोबाईल अॅपवरचे शोरूमचे खाते काढून आपले खाते जोडून घ्यावे. हे राहिले तर गाडी आपल्या दारात आणि तिचे कुलूप दुसऱ्याच्या फोनवर, अशी अवस्था होते.

प्रश्न : आम्ही धुळ्याला राहतो. सुरतमध्ये एका विक्रेत्याकडे सहा महिन्यांची डेमो इलेक्ट्रिक गाडी इथल्यापेक्षा साठ हजारांनी स्वस्त मिळते आहे. परराज्यातली गाडी आणण्यात काही अडचण आहे का?

— एक वाचक, धुळे

उत्तर : अडचण नाही, दगदग आहे. सुरतच्या परिवहन कार्यालयाकडून नमुना २८ प्रमाणे ना हरकत प्रमाणपत्र, बँकेचा बोजा असेल तर तिचे पत्र, मग धुळ्याला मालकी बदल आणि महाराष्ट्राचा नवा क्रमांक, एवढे सोपस्कार होईपर्यंत दीड-दोन महिने सहज जातात. बॅटरीवरच्या गाड्यांना महाराष्ट्रात मोटार वाहन करातून माफी असल्यामुळे पेट्रोल गाडीच्या मालकाला बसतो तसा दुहेरी कराचा फटका आपल्याला बसू नये. तरी परराज्यातून आणलेल्या गाडीला ती कशी लागू होते, हे आगाऊ रक्कम देण्याआधी धुळ्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे. वॉरंटीची कामे उत्पादकाच्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये होतात. माझे मत विचाराल, तर एजंटाचा खर्च, दोन-तीन फेऱ्या आणि गाडी आणण्याचा खर्च वजा जाता साठ हजारांतले फार थोडे उरेल. फरक लाखाच्या पुढे असेल आणि सुरतला बॅटरीची तपासणी स्वतः उभे राहून करून घेता येणार असेल, तरच जावे.

प्रश्न : मी तीन आठवड्यांपूर्वी नवी म्हणून इलेक्ट्रिक गाडी घेतली. ताब्यात मिळाली तेव्हा तिच्यावर ३८० किलोमीटर होते. ‘दुसऱ्या यार्डातून चालवत आणली’ असे सांगण्यात आले. ही डेमो गाडी तर नसेल?

— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नुसत्या किलोमीटरांवरून तसे म्हणता येत नाही, एका गावाहून दुसऱ्या गावी चालवत आणलेल्या नव्या गाडीवर दोन-चारशे किलोमीटर दिसू शकतात. निर्णायक पुरावा म्हणजे वॉरंटी सुरू झाल्याची तारीख. कोणत्याही दुसऱ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसी क्रमांक देऊन ती विचारावी, आणि ती आपल्या बिलाच्या तारखेच्या आधीची निघाली तर शंका खरी मानावी. मोबाईल अॅपवर गाडी प्रथम कधी सुरू झाली, याआधी किती वेळा चार्ज झाली आणि चॅसीच्या पाटीवर निर्मितीचा महिना कोणता आहे, हेही टिपून ठेवावे. तारखा जुळत नसतील तर आधी विक्रेता आणि उत्पादक या दोघांना लेखी तक्रार करून पोच घ्यावी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. वापरलेली गाडी नवी म्हणून विकणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते आणि पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. तोवर ताबापावती आणि त्या दिवशी घेतलेला किलोमीटरच्या आकड्याचा फोटो जपून ठेवावा. फोटो घेतला नसेल, तर ताबापावतीवर लिहिलेला आकडा पुरावा म्हणून चालतो.